तुपातलं पान

खानापुरात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला
साखळी अभिक्रिया शिकवायचो मी.
फळ्यावर आधी क्लोरीन यायचा, मग युरेनियम,
आणि मागच्या बाकांवर झोप.

एकदा सातेरी घाडीनं विचारलं,
सर, तूप खवट का होतंय?
वर्ग हसला. त्याच्या घरी चार म्हशी.
मी हसलो नाही,
कारण मला लगेच सांगता आलं नाही.

रात्री पुस्तक काढलं.
तुपाच्या एका रेणूचा एक हायड्रोजन सुटतो,
उजेडानं म्हणा, तांब्याच्या भांड्यानं म्हणा.
एकच.
तो रेणू उघडा पडतो,
हवेतला ऑक्सिजन धरतो,
आणि धरला की शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो.
आपलं भागलं. शेजारी उघडा.
शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडं वळतो.
बरणी फडताळात, झाकण घट्ट,
वरून तूप रवाळ, पिवळं, शांत.

आणि जे साठत जातं
तेच पुढं फुटतं,
एकाचे दोन उघडे होतात.
इथून तूप युरेनियमसारखं वागायला लागतं,
फक्त फार हळू,
आणि स्फोटाच्या जागी वास येतो.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं.
शिवलीला हडपदनं वहीत मथळा दोनदा लिहिला,
एकदा साखळी, एकदा सरपळी,
घरी अण्णाला वाचून दाखवायचा होता म्हणून.

युरेनियमचं गणित त्या मानानं सोपं.
एक न्यूट्रॉन आत गेला, अणू फुटला,
दोन-तीन बाहेर आले.
त्यांतल्या सरासरी एकानंच पुढचा अणू फोडला
तर घाटापलीकडं कैग्यात वीज तयार होते.
एकाहून कमी, तर विझतं.
एकाहून जास्त, आणि जास्तच होत राहिलं, तर.
इथं मी खडू खाली ठेवायचो.
म्हणून कॅडमियमची कांडी:
ती न्यूट्रॉन घेते आणि पुढं कुणाला देत नाही.

आमच्यात कांडी नसती सर, सातेरी म्हणाला,
आई लोणी कढवताना विड्याचं पान टाकती.

मी थांबलो.
बरोबर होतं पोराचं.
पानाच्या अंगात जे असतं
ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं मागणाऱ्याला,
आणि स्वतः उघडं पडलं तरी
दुसऱ्याच्या दारात जात नाही.

त्याच वर्षी पाट्यांवरून दोन दिवस बस बंद होत्या.
यल्लूबाई कणकुंबीहून कुणाच्या जीपनं बाजाराला आलेली,
लोण्याचे गोळे केळीच्या पानावर.
एक जण वाकून तिला म्हणाला,
ऐकलीस काय, तिकडं आपल्या पोराला मारलंय म्हणे.
यल्लूबाईनं ऐकलं.
डाव्या हाताला बसव्वा मिरच्या घेऊन,
उजवीकडं बांगड्यांची गाडी.
मी पिशवी धरून बघत होतो
ही कुणाकडं वळते.
तिनं ओलं फडकं पिळलं, लोण्यावर घातलं,
आणि मला म्हणाली, अर्धा की पाव?

हे वर्गात कधी सांगितलं नाही.
सांगायला ते नीट बसतही नाही,
कारण पुढच्या बाजाराला एका दुकानाच्या काचा गेल्याच,
दुसऱ्याच कुणाच्या तोंडून निघालं होतं.

पान किती दिवस टिकवतं, सर?
सातेरीनं हे विचारलं होतं.
जोवर त्याच्याकडं द्यायला आहे तोवर, म्हटलं.
आकडा पुस्तकात नव्हता.

मार्चात त्यानं घरनं डबा आणला.
तुपात तळलेलं ते पान, काळं, कुरकुरीत,
शिवलीलाला अर्धं दिलं,
तास चालू असतानाच.
फळ्याकडं तोंड करून मी क्लोरीन पुसत होतो.
मागून कुरुम असा आवाज आला,
थोड्या वेळानं आणखी एक.